बायोगॅस प्लांट मंजूर करणाऱ्या सगळ्यांना: टाकीआधी तिच्या खाण्याचं बघा

प्रति,
ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचे प्लांट मंजूर करणारे, त्यांची टेंडरं लिहिणारे, पैसे सोडणारे आणि शेवटी फीत कापायला येणारे सगळे अधिकारी, पदाधिकारी आणि इंजिनिअर मंडळी,

नमस्कार.

मी प्लांट चालवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे टाकीत फेस वर चढला की रात्री ज्याला फोन येतो त्यातला. तुमचा हेतू चांगला असतो हे मान्य, आणि ओला कचरा डेपोवर नेऊन ओतण्यापेक्षा त्याचा गॅस केलेला बरा याबद्दल आपलं काही भांडण नाही. भांडण आहे ते याच्यावर की तुम्ही टाकी विकत घेता आणि गॅस विकत घेतला असं समजता. टेंडरमध्ये स्टीलची जाडी, पंपाची हॉर्सपॉवर, डोमचं कापड यावर पानंच्या पानं, आणि त्या टाकीत रोज काय जाणार, कोण घालणार, नको ते आलं तर गाडी परत कोण पाठवणार यावर जेमतेम दोन ओळी, त्यातली एक "ही जबाबदारी कंत्राटदाराची राहील" अशी. मग दोनेक वर्षांत प्लांट बंद पडतो आणि सगळे म्हणतात टेक्नॉलॉजीच फेल गेली.

अहो, टेक्नॉलॉजी फेल जायला ती नवीन तरी पाहिजे ना. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि ते पेटतात हे दाखवलं. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्सेटरला सेप्टिक टँकच्या गॅसवर दिवे लागले, आणि १८९७ मध्ये मुंबईच्या माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतल्या मैल्याच्या टाक्यांमधून गॅस गोळा करून वापरत होते. सव्वाशे वर्षं उलटून गेली. त्या आधीपासून गाय हेच काम पोटात करतेय, फक्त तिचा मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, ढेकरेवाटे बाहेर जातो. डायजेस्टर म्हणजे तेच, मोठं सिमेंटचं किंवा स्टीलचं पोट, आणि पोटाला जे नियम लागतात ते त्याला लागतात, मग टेंडरात काही का लिहिलेलं असेना.

आत नेमकं काय चालतं ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. टाकीत ऑक्सिजन नसतो आणि तिथे सूक्ष्मजीवांच्या चार फळ्या एकमेकांचं उष्टं खाऊन जगतात. पहिली फळी पिष्ट, प्रथिनं, चरबी असले मोठे रेणू तोडून पाण्यात विरघळतील असे करते. दुसरी त्याची आम्लं करते. तिसरी त्या आम्लांपासून ॲसिटिक ॲसिड, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड काढते, आणि चौथी, जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती मिथेन बनवते. ही चौथी मंडळी बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया म्हणून वेगळाच वंश आहे, १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी तो वेगळा असल्याचं दाखवलं. गंमत म्हणजे तिसऱ्या फळीचं काम तेव्हाच चालतं जेव्हा चौथी फळी हायड्रोजन तयार झाल्या झाल्या संपवून टाकते, तो साचला की तिसरी अडते, आणि दुसरी मात्र आम्लं ओततच राहते कारण तिला कसलंच काही वाटत नाही. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, मिथेन करणाऱ्यांना त्यासाठी बऱ्याचदा कित्येक दिवस लागतात. आणि आम्ल वाढलं, तापमान हललं की आधी मान टाकणारे पण हेच.

आता विचार करा की अशा टाकीत एका दिवशी दुप्पट माल ढकलला तर काय होईल. पहिल्या दिवशी गॅस वाढतो! सगळे खूश, फोटो काढतात, आकडा वर पाठवतात. पण त्या वाढीव गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, ज्योत अशक्त होते, फडफडते, मग पेटेनाशी होते. आत आम्ल साचत असतं. आणि पीएचचं मीटर, म्हणजे आम्लपणा मोजणारं (आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त), तोपर्यंत ७.२ दाखवत निवांत बसलेलं असतं, कारण स्लरीत, म्हणजे टाकीतल्या पातळ मालात, बायकार्बोनेटचा साठा असतो, तो आम्ल पचवत राहतो, आणि तो साठा संपला की मग पीएच एकदम खाली कोसळतो. ६.५ च्या खाली गेलेली टाकी परत रुळावर आणायला आठवडे लागतात, कधी सगळी रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून नुसता पीएच बघून प्लांट चालवणं म्हणजे अपघात झाल्यावर ब्रेक दाबणं आहे.

यावरचा उपाय काही फार महाग नाही. रोज सकाळी टाकीतून बाटलीभर स्लरी घ्यायची, गाळायची, ठरलेलं माप घेऊन त्यात ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, पातळ सल्फ्युरिक ॲसिड थेंब थेंब सोडायचं, पीएच ५ ला किती लागलं ते लिहायचं, मग ४.४ पर्यंत आणखी किती लागलं ते लिहायचं. या दोन आकड्यांवरून आम्ल आणि आम्ल सोसायची ताकद यांचं गुणोत्तर निघतं. साधारण ०.३ च्या आसपास असेल तर टाकी सुखात आहे, ०.४ च्या वर चढायला लागलं तर त्या दिवशी हात आखडता घ्यायचा, आणि एका आकड्यापेक्षा तो आठवडाभरात कुठे सरकतोय हे जास्त महत्त्वाचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मला असे प्लांट माहितीयेत जिथे कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन आहे, झाडं काढलेलं रंगीत चित्र आहे, पंप फिरताना दिसतो, आणि ब्युरेट मात्र नाही. असलीच तर खोक्यात बंद, कारण ॲसिड संपलं आणि ते मागवायचं कोणी यावर फाइल अडकलीये.

सुरुवातीच्या घाईबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. नवीन टाकी सुरू करताना आत मिथेन करणारी फौज नसतेच. ती चालू प्लांटच्या स्लरीतून किंवा शेणातून आणून घालावी लागते, आणि मग थोडं थोडं खाणं देत वाढवावी लागते, गॅस आणि ते गुणोत्तर बघत बघत. याला काही आठवडे ते काही महिने जातात. तुमच्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते. मग त्या तारखेला "पूर्ण क्षमतेने" दाखवायचं म्हणून आधीच्या दोन आठवड्यांत गाड्याच्या गाड्या आत ओतल्या जातात, समारंभात ज्योत पेटते, टाळ्या होतात, आणि पाहुणे गेल्यावर आठवड्याभरात टाकी आंबट होऊन बसते. ज्या कंत्राटदाराने खरं सांगितलं की साहेब अजून दोन महिने लागतील, त्याला दंड, आणि ज्याने ओतलं त्याला फायनल बिल. हे असं का असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता कचऱ्याकडे येतो. तुमच्या कागदावर "ओला कचरा" असं लिहिलेलं असतं, पण गाडीतून काय उतरतं ते एकदा उभं राहून बघा. अन्न असतं, त्याबरोबर पातळ पिशव्या, चमचे, बाटल्यांची झाकणं, काच, माती, हाडं, अंड्याची टरफलं, झाडाच्या फांद्या. श्रेडर हे सगळं बारीक करतो, वेगळं करत नाही. पिशवीचे हजार तुकडे झाले की ते निवडून काढायची शक्यता संपली. ते तुकडे आत गेले की हलके असल्यामुळे वर तरंगतात, त्यात तेलकट फेस आणि तंतू अडकतात आणि वर जाड साय धरते, इतकी जाड की गॅस तिच्याखाली अडतो. काही लांब पट्ट्या मिक्सरच्या शाफ्टला गुंडाळतात, मोटर जास्त करंट खाते, ट्रिप होते, ऑपरेटर रिसेट करतो, परत ट्रिप. शेवटी शाफ्ट बाहेर काढला तर त्याच्यावर माणसाच्या मांडीएवढा पिळलेला प्लास्टिकचा दोर बसलेला असतो, तो कापायला करवत लागते.

खाली वेगळीच गोष्ट चालू असते. वाळू, काच, टरफलं तळाशी बसतात. बसताना कोणाला दिसत नाही. समजा टाकी १००० घनमीटरची आहे आणि रोज ३३ घनमीटर माल जातो, म्हणजे प्रत्येक घासाला आत साधारण ३० दिवस मिळतात. तळाशी ३०० घनमीटर गाळ बसला की तेच दिवस २१ वर येतात, गॅस कमी होतो, सूक्ष्मजीव वाढायच्या आत बाहेर वाहून जायला लागतात, आणि रिपोर्टमध्ये मात्र टाकी अजून १००० चीच असते.

म्हणून वेगळा कचरा ही काही सौजन्याची विनंती नाहीये, ती या प्रक्रियेची पहिली अट आहे. मिलान शहराने २०१२ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने घराघरातून अन्नाचा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली, दाट वस्तीच्या इमारतींतून, तेव्हा मोठ्या शहरात हे होत नाही असं कोणी म्हणू नये. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट डेपोत पुरायला बंदी घातली. युरोपियन युनियनमध्ये २०२३ संपता संपता जैविक कचरा वेगळा गोळा करणं किंवा जागेवरच जिरवणं सगळ्या देशांना सक्तीचं झालं. हे सगळे आधी कचरा वेगळा करायच्या मागे लागले. तुमच्याकडे उलटं, आधी टाकी, मग "जनजागृती करू". जनजागृतीचे बॅनर लागेपर्यंत शाफ्टला दोर गुंडाळलेला असतो.

सगळा जैविक कचरा या टाकीचा नाही, हे पण सांगून ठेवतो. लाकूड, वाळक्या काटक्या यातलं लिग्निन हवेशिवाय जवळजवळ पचतच नाही, ते कंपोस्टकडे पाठवा, तिथे त्याचं सोनं होतं. संत्र्या-लिंबाची सालं खूप आली तर त्यातलं लिमोनिन सूक्ष्मजीवांना मारतं. तेल आणि चरबीतून गॅस भरपूर निघतो, म्हणून कंत्राटदार त्याच्यासाठी टपलेला असतो, पण एकदम ओतलं तर फेस होतो आणि लांब साखळीची फॅटी ॲसिडं मिथेन करणाऱ्यांना गुदमरवतात. मांस, मासे, डाळी असं प्रथिनांचं जास्त झालं की अमोनिया वाढतो. आणि नुसत्या अन्नावर वर्षभर चाललेली टाकी हळूहळू अशक्त होते, कारण सेलेनियम, कोबाल्ट, निकेल असली मूलद्रव्यं अगदी चिमूटभर लागतात पण लागतातच, अन्नाच्या कचऱ्यात ती पुरेशी नसतात. थोडं शेण मिसळलं तर बरंच भागतं. नाहीतर ती विकत आणून घालावी लागतात, आणि या खर्चाची ओळ मी आजपर्यंत एकाही एस्टिमेटमध्ये बघितली नाही.

बरं, आकड्यांचं. नीट वेगळा केलेला एक टन अन्नाचा कचरा घ्या, त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यातून १०० ते १५० घनमीटर बायोगॅस निघतो, आपण १२० धरू. त्यात ६० टक्के मिथेन. म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्या हिशेबात ५० किलोच्या थोडं वर, शुद्ध करून गाडीत भरायचा म्हटलं तर ५० किलोच्या आसपास, आणि इंजिनावर वीज केली तर साधारण २४० युनिट, त्यातली काही प्लांटच्याच पंपांना, मिक्सरला, श्रेडरला जाणार. हे चांगल्या मालाचं. मिसळलेल्या कचऱ्यातून याच्या निम्मं हाती लागेल याचीही खात्री मी देणार नाही. तेव्हा कोणी तुम्हाला कुठल्याही कचऱ्यातून टनाला ३०० घनमीटर असं सांगत असेल तर त्याला विचारा की बाबा सुका माल किती टक्के धरलास, त्यातला जळणारा किती, आणि हा आकडा कुठल्या चालू प्लांटच्या मीटरवरचा आहे. बहुतेक वेळा तो प्रयोगशाळेतल्या बाटलीचा निघतो.

आणि आता ती गोष्ट जी प्रेझेंटेशनमध्ये शेवटच्या स्लाइडवर हिरव्या पानाच्या चित्राबरोबर येते: "उत्तम सेंद्रिय खत". त्या १२० घनमीटर गॅसचं वजन जेमतेम १५० किलो भरतं. म्हणजे एक टन आत गेलं तर ८५० किलो बाहेर येतं, वर तुम्ही पातळ करायला घातलेलं पाणी वेगळं. कचरा नाहीसा होत नाही, त्याची स्लरी होते, आणि ती रोज येते, सुट्टीच्या दिवशी पण येते. खत म्हणून ती खरंच चांगली आहे, कारण नायट्रोजन गॅसबरोबर जात नाही, आतच राहतो, त्यातला बराचसा अमोनियमच्या रूपात, पिकाला लगेच लागू पडेल असा. पण शेताला खत हंगामात लागतं आणि प्लांट बाराही महिने देतो. मधल्या काळात ती कुठे ठेवणार? उघड्या खड्ड्यात ठेवली तर अमोनिया उडून जातो, वास सुटतो आणि उरलासुरला मिथेन हवेत. झाकलेली, काही महिने पुरेल एवढी टाकी लागते. आणि शेतकऱ्याला एकदा त्यात प्लास्टिकचे कण दिसले ना, की पुढच्या वेळी तो फुकटसुद्धा घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. रोगजंतूंचा प्रश्न आहे तो वेगळा. युरोपात अन्नाच्या आणि प्राणिजन्य कचऱ्याचे तुकडे १२ मिलिमीटरपेक्षा लहान करून ७० अंशांवर तासभर ठेवायची पद्धत नियमातच आहे. ३७ अंशांची टाकी जंतू कमी करते, संपवत नाही. मी बघितलेल्या एका प्लांटवर स्लरी न्यायला कोणी येईना म्हणून तिचं पाणी परत परत मिक्सिंग टँकमध्ये फिरवलं गेलं, पाणी वाचवतोय असं कौतुक पण झालं, आणि त्याबरोबर अमोनिया आणि क्षार आत साचत गेले, शेवटी गॅस बसला तेव्हा सगळे श्रेडरची कंपनी बदलायची चर्चा करत होते.

गॅसबद्दल मी थोडक्यात आटपतो पण एका बाबतीत थोडक्यात नाही. ते म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. इंजिन खातो, पाइप खातो, ते तुम्हाला माहिती असतं कारण त्याचं बिल येतं, आणि त्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचा फिल्टर, फेरिक क्लोराइड, टाकीच्या वरच्या भागात मोजून सोडलेली थोडीशी हवा असे उपाय आहेत. पण माणसाचं काय. हा वायू कमी असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं गेला वास, बरं झालं. ५०० च्या पुढे तो माणूस शिडीवरून वर यायच्या आत कोसळू शकतो. कच्च्या बायोगॅसमध्ये हा हजारांच्या घरात असू शकतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यात, चेंबरमध्ये, स्लरीच्या टाकीत तळाशी बसतो. एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. अशा बातम्या तुम्ही वाचता आणि "दुर्दैवी घटना" म्हणून पान उलटता. दुर्दैव कसलं, गॅस डिटेक्टर नव्हता, ब्लोअर नव्हता, हार्नेस आणि ट्रायपॉड नव्हता, आणि पंप चोक झाला तेव्हा वरून फोन आला की आजच्या आज चालू करा. त्या फोनवर कोण होतं ते पण लिहीत जा की चौकशीच्या अहवालात. आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघत असतो, तेव्हा टाकीजवळ वेल्डिंग करायला परवानगी कोणी द्यायची हेही कागदावर असलं पाहिजे, तोंडी नको.

गळतीचं तर कोणी मोजतच नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटीच्या आसपास तापवतो. वरच्याच एक टनाच्या उदाहरणात ५ टक्के मिथेन कुठल्यातरी सांध्यातून, उघड्या स्लरीच्या टाकीतून, प्रेशर व्हॉल्व्हमधून सुटला, तर इंधन वाचवून हवामानाचा जो फायदा झाला त्यातला निम्म्याच्या जवळपास भाग तिथेच गेला. डेपोवर सडून मिथेन सुटला नाही हा फायदा राहतोच, तो मी नाकारत नाही. पण इंजिन बंद पडलं की फ्लेअर, म्हणजे उरलेला गॅस जाळून टाकायची चिमणी, पेटलाच पाहिजे, आपोआप, रात्री पण. कित्येक ठिकाणी फ्लेअर फक्त तपासणीच्या दिवशी पेटतो, बाकी दिवशी गॅस वरच्या वर सोडून देतात आणि शहर "हरित ऊर्जा" म्हणून पाटी लावतं.

आता माझी खरी मागणी. कंत्राटदाराला पैसे किती टन कचरा घेतला यावर देऊ नका. टनावर पैसे दिले की तो सगळंच घेतो, दगड आले तरी घेतो, पोट फुटलं तरी घेतो, कारण त्याचा मीटर वजनकाट्यावर फिरतो. पैशाचा मोठा भाग गॅसच्या मीटरवर, मिथेनच्या टक्क्यांसकट, आणि शेतात पोचलेल्या स्वच्छ स्लरीवर द्या. लगेच बघा तो स्वतः गाडी तपासायला दारात उभा राहतो की नाही. आणि किमान इतके टन रोज देऊच अशी हमी शहराच्या वतीने पंधरा-वीस वर्षांसाठी लिहून देऊ नका, कारण उद्या लोकांनी अन्न वाया घालवणं कमी केलं, जे व्हायलाच पाहिजे, तर तुम्हाला त्याचाच दंड बसेल. चांगलं वागल्याबद्दल दंड भरणारं शहर, काय बोलायचं.

दुसरं, ऑपरेटर. करोडोंचा प्लांट आणि त्यावर तीन महिन्याला बदलणारा, एजन्सीकडून आलेला, दोन दिवसांत "ट्रेनिंग" झालेला मुलगा, हे कधीच चालणार नाही. त्याला टाकीची सवय लागायला एक पूर्ण वर्ष लागतं, थंडीत ती कशी वागते, पावसात कचऱ्यात पाणी वाढलं की काय करायचं, सणावाराला गोड आणि तेलकट एकदम वाढतं तेव्हा फीड कसं आखायचं. त्याला पर्मनंट करा, नीट पगार द्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला गाडी नाकारायचा लेखी अधिकार द्या. आज तो नाही म्हणाला तर गाडीवाला वर फोन लावतो आणि वरून सांगतात, घे रे, ॲडजस्ट कर. टाकी ॲडजस्ट करत नाही हो.

तिसरं, रोजचे आकडे लोकांसमोर ठेवा. किती माल आला, त्यातला किती परत पाठवला, गॅस किती, मिथेन किती टक्के, ते आम्लाचं गुणोत्तर, फ्लेअर किती तास, स्लरी कुठे गेली. गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं तरी चालेल, ॲपच पाहिजे असं काही नाही. प्लांटची क्षमता किती हे आम्हाला नका सांगू, काल काय झालं ते सांगा.

आणि तुमच्या गावचा कचरा अजून वेगळा होत नसेल तर प्लांट बांधूच नका. हे मी, ज्याचं पोट या धंद्यावर चालतं, तो सांगतोय. ते पैसे आधी दोन वर्षं गोळा करायच्या व्यवस्थेवर घाला, दोन डब्यांवर, वेगळ्या गाड्यांवर, लोकांच्या दारात जाऊन सांगणाऱ्यांवर. छोट्या प्रमाणावर मंडई, हॉस्टेल, मोठं किचन अशा ठिकाणी, जिथे माल एकाच प्रकारचा आणि एकाच हातातून येतो, तिथे लहान टाकी लगेच चालते, तिथून शिका. मोठं मग करा.

ज्यांच्याकडे आधीच एक बंद पडलेला प्लांट गवतात उभा आहे, त्यांना एवढंच की नवीन टेंडर काढायच्या आधी जुन्या टाकीची तपासणी करून घ्या. गॅस पूर्ण काढून, हवा खेळवून, मीटरने मोजून, प्रशिक्षित टीमकडूनच, कोणालाही असंच उतरवू नका. तळाशी किती गाळ आहे, वर किती साय आहे, भिंत आणि डोम कसे आहेत ते लिहून घ्या. बऱ्याचदा काँक्रीट ठणठणीत निघतं, पाइप बदलावे लागतात, मिक्सर दुरुस्त होतो, आणि गाळ काढून, चालू प्लांटची स्लरी घालून, थोड्या थोड्या चांगल्या फीडवर तीच टाकी काही महिन्यांत परत गॅस द्यायला लागते. त्या तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय नवीन प्लांटच्या फाइलवर सही करू नका. आणि बैठकीला जुन्या प्लांटच्या ऑपरेटरला बोलवा, तो सापडत असेल तर.

आपला,
प्लांटवरचा एक माणूस